प्रकाशाची पाटी

'होलोग्राम' हा शब्द आता कोणालाच नवा राहिलेला नाही. गुणपत्रिकेच्या कोपऱ्यात, औषधाच्या खोक्यावर, बँकेच्या कार्डावर रंग बदलणारी एक चकचकीत टिकली आपण नेहमी पाहतो. सभांतून आणि करमणुकीच्या कार्यक्रमांतून रंगमंचावर अचानक अवतरणाऱ्या आकृतींनाही वर्तमानपत्रे 'होलोग्राम' म्हणून मोकळी होतात. पैकी टिकली हा खरोखरीच एक होलोग्राम असतो. रंगमंचावरची आकृती मात्र होलोग्राम नव्हे. तिरप्या धरलेल्या पारदर्शक पडद्यावरून परावर्तित झालेले ते एक सपाट चित्र असते. ही युक्ती जॉन पेपर यांनी लंडनमध्ये 1862 साली नाट्यप्रयोगात भूत दाखविण्यासाठी वापरली होती.

म्हणजे टिकलीवरचे चित्र त्रिमित आहे, पण ते बदलत नाही. रंगमंचावरचे चित्र बदलते, हलते, पण ते त्रिमित नाही. या दोहोंच्या मधली जागा बराच काळ रिकामी होती. खऱ्या अर्थाने त्रिमित आणि तरीही पुसून पुन्हा काढता येईल असे चित्र कशावर काढावे, हा तो प्रश्न. तो सोडविण्याचा एक धीट प्रयत्न ज्या पदार्थांच्या साहाय्याने झाला, त्यांची ओळख विद्यार्थिमित्रांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. या पदार्थांना फोटोरिफ्रॅक्टिव्ह पॉलिमर असे नाव आहे. मराठीत आपण त्यांना प्रकाशवक्रीभवनी बहुवारिके म्हणू. नाव जड आहे, परंतु त्यामागील कल्पना बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजण्यासारखी आहे.

छायाचित्र आणि होलोग्राम

साध्या छायाचित्रात फिल्मच्या प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला, एवढ्याचीच नोंद होते. प्रकाश ही तरंगगती आहे. तरंगाला तीव्रता असते तशी कलाही असते. तरंग त्या बिंदूपाशी पोहोचला तेव्हा तो शिखरावर होता की दरीत, हे कला सांगते. वस्तूचा कोणता भाग जवळ आणि कोणता दूर, ही माहिती कलेत दडलेली असते. छायाचित्रात कला हरवते आणि तिच्याबरोबर खोलीही हरवते.

ही हरवलेली कला नोंदविण्याची युक्ती डेनिस गाबोर यांना 1947 साली इंग्लंडमधील रग्बी येथे सुचली. त्यांचा विचार चालला होता तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याचा. वस्तूवरून येणाऱ्या तरंगात एक दुसरा, ठाऊक असलेला तरंग मिसळावा. दोहोंच्या व्यतिकरणाने फिल्मवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटतात आणि त्या पट्ट्यांच्या जागेत कलेची नोंद होते. पुढे त्याच ठाऊक तरंगाने ती फिल्म उजळली, की पट्ट्यांमधून विवर्तन होऊन वस्तूचा मूळ तरंग जसाच्या तसा पुन्हा निर्माण होतो. डोळ्याला तो वस्तूवरूनच आल्यासारखा वाटतो. या शोधाबद्दल गाबोर यांना 1971 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कल्पनेला साजेसा प्रकाश मात्र लेसरनेच दिला आणि पहिला लेसर चालू झाला 1960 साली. त्यानंतर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ आणि युरिस उपात्निएक्स यांनी, तर सोव्हिएत रशियात युरी डेनिस्युक यांनी 1962च्या सुमारास होलोग्राफीला आजचे रूप दिले.

या पट्ट्या किती बारीक असतात याचा अंदाज घ्यावा. 633 नॅनोमीटर तरंगलांबीचे दोन तांबडे किरण लंबाच्या दोन्ही बाजूंना 10-10 अंशांचा कोन करून एकमेकांना छेदत आहेत असे समजा. पट्ट्यांमधले अंतर म्हणजे तरंगलांबी भागिले कोनाच्या ज्येची दुप्पट. 10 अंशांची ज्या सुमारे 0.174 आहे. तेव्हा उत्तर येते सुमारे 1.8 मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये साडेपाचशेच्या आसपास पट्ट्या. नोंद चालू असताना टेबल एक मायक्रोमीटर जरी हलले, तरी काळ्याच्या जागी पांढरी पट्टी येऊन सारे चित्र पुसट होते. प्रयोगशाळेत होलोग्रामचे टेबल हवेच्या उशांवर का तरंगत ठेवतात, हे यावरून ध्यानात येईल.

'सर, पुसले गेले तर उपयोग काय ?'

फिल्मवर काढलेला होलोग्राम हा एक प्रकारचा शिलालेख असतो. एकदा कोरला की कोरला. टिकलीच्या बाबतीत हा गुणच आहे, कारण कोणी बदलू शकला असता तर तिच्यावर विश्वास कोण ठेवता ? परंतु रुग्णाच्या हृदयाचे चित्र शल्यचिकित्सकापुढे ठेवावयाचे असेल, घराचा आराखडा पाहता पाहता बदलावयाचा असेल, किंवा दूरच्या माणसाशी समोरासमोर बसल्यासारखे बोलावयाचे असेल, तर शिलालेख उपयोगी नाही. तेथे पाटी हवी.

वर्गात हा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, चित्र पुसलेच जाणार असेल तर त्याचा उपयोग काय ?" मी त्याला पाटीचीच आठवण करून देतो. पाटी ही वस्तू आणि तो शब्दही आपल्या या भागात मराठी घरात जसा चालतो तसा कन्नड घरातही चालतो, म्हणून उदाहरण सर्वांना पटते. पाटीवर लिहिलेले टिकत नाही हा पाटीचा दोष नव्हे. तोच तिचा उपयोग. मात्र ते लिहिता लिहिताच पुसले जाऊ लागले तर ती पाटीही निकामी. लिहिलेले काही काळ टिकले पाहिजे आणि मनात येईल तेव्हा पुसताही आले पाहिजे. हे दोन परस्परविरोधी गुण एकाच पदार्थात आणणे, हा या विषयाचा गाभा आहे.

एका बिघाडाचा शोध

अशी पाटी शोधावयास कोणी निघाले नव्हते. 1966 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर अ‍ॅश्किन आणि त्यांचे सहकारी लिथियम नायोबेट या स्फटिकातून लेसरचे किरण पाठवीत होते. थोड्या वेळाने किरणाची वाट बिघडू लागे, तो विस्कटून जाई. जेथे प्रकाश पडला तेथे स्फटिकाचा वक्रीभवनांक बदलला होता. त्यांनी याला 'प्रकाशाने झालेली इजा' असेच नाव दिले, कारण त्यांच्या कामात ती इजाच होती. पण ही इजा विचित्र होती. स्फटिक तापविला की ती नाहीशी होई आणि स्फटिक पूर्ववत होई.

जी इजा प्रकाशाने होते आणि मागे घेता येते, तिलाच नोंद म्हणता येईल, हे त्याच प्रयोगशाळेतील इतर शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. 1968 साली चेन, लामाकिया आणि फ्रेझर यांनी लिथियम नायोबेटमध्ये होलोग्राम साठवून दाखविला. एकाच्या दृष्टीने जो अडथळा होता, तो दुसऱ्याच्या दृष्टीने गुणधर्म ठरला. हेच अ‍ॅश्किन पुढे प्रकाशाच्या चिमट्याबद्दल 2018 सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

आत घडते काय ?

प्रकाशवक्रीभवन एका झटक्यात होत नाही. त्याच्या चार पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी : दोन लेसर किरण पदार्थात एकमेकांना छेदतात आणि उजेडाच्या व अंधाराच्या पट्ट्या तयार होतात. उजेडाच्या पट्टीत प्रकाश शोषला जाऊन विद्युत्भार मोकळे होतात.

दुसरी पायरी : मोकळे झालेले भार जागा सोडून चालू लागतात. बहुवारिकांत बहुधा धनभार चालतात. त्यांना होल म्हणतात. इलेक्ट्रॉन निघून गेल्यामुळे राहिलेली ती रिकामी जागा होय. एका रेणूवरून शेजारच्या रेणूवर उड्या मारीत ती पुढे सरकते.

तिसरी पायरी : चालता चालता हे भार अंधाराच्या पट्टीत येऊन अडकतात. तेथे त्यांना सोडविणारा प्रकाश नसतो. परिणामी अंधारात धनभार साठतो, उजेडात ऋणभार मागे राहतो आणि दोहोंमध्ये विद्युत्क्षेत्र निर्माण होते. हे क्षेत्रही पट्ट्यापट्ट्यांचे असते.

चौथी पायरी : या क्षेत्रामुळे पदार्थाचा वक्रीभवनांक ठिकठिकाणी किंचित बदलतो. प्रकाशाच्या पट्ट्यांची नक्कल आता वक्रीभवनांकाच्या पट्ट्यांत उतरली. होलोग्राम तयार झाला.

पुसावयाचे असेल तर सगळीकडे सारखा प्रकाश टाकावा. अडकलेले भार सुटतात, पुन्हा सर्वत्र सारखे पसरतात, क्षेत्र मावळते आणि पाटी कोरी होते. रसायन लावावे लागत नाही, काही झिजतही नाही.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. विद्युत्क्षेत्र सर्वांत प्रबळ असते ते उजेडाच्या मध्यावर नव्हे आणि अंधाराच्या मध्यावरही नव्हे. ते दोहोंच्या मधल्या भागात असते. म्हणून वक्रीभवनांकाच्या पट्ट्या प्रकाशाच्या पट्ट्यांच्या तुलनेत बाजूला सरकलेल्या असतात, पूर्ण सरकल्या तर पट्ट्यांच्या अंतराच्या एक चतुर्थांशाने. या सरकण्यामुळे एका किरणातील ऊर्जा दुसऱ्या किरणात जाऊ लागते. दुबळा किरण सबळ होतो, सबळ क्षीण होतो. नुसत्या तापण्याने किंवा रासायनिक बदलाने उमटलेल्या पट्ट्या अशा सरकत नाहीत. म्हणून एखादा नवा पदार्थ खरोखर प्रकाशवक्रीभवनी आहे की नाही, याची कसोटी म्हणून ही ऊर्जेची देवाणघेवाण मोजतात.

स्फटिकाकडून बहुवारिकाकडे

स्फटिक उत्तम काम करतात, पण मोठे आणि निर्दोष स्फटिक वाढविणे कष्टाचे व खर्चाचे असते. त्यांच्या गुणांत फेरफार करावयास वावही थोडा असतो. बहुवारिकाचे तसे नाही. ते वितळवून काचांमध्ये पसरता येते आणि त्यात काय मिसळावे, किती मिसळावे हे आपल्या हातात असते.

सेंद्रिय पदार्थांतील पहिले प्रकाशवक्रीभवन 1990 साली झुरिच येथे सुटर आणि गुंटर यांनी एका सेंद्रिय स्फटिकात पाहिले. बहुवारिकातील पहिला यशस्वी प्रयोग 1991 साली कॅलिफोर्नियात आय. बी. एम.च्या आल्मडेन प्रयोगशाळेत ड्यूशार्म, स्कॉट, ट्वीग आणि मोर्नर यांनी केला. पैकी मोर्नर यांना पुढे 2014 साली, एकेका रेणूच्या निरीक्षणाच्या निराळ्या कामासाठी, रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या पहिल्या बहुवारिकात पट्ट्यांवरून वळणारा प्रकाश अगदी नगण्य होता. तीनच वर्षांनी, 1994 साली, मेअरहोल्झ, किपलेन, पेगंबरियन आदींनी अ‍ॅरिझोना विद्यापीठात असे मिश्रण केले की पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 86 टक्के प्रकाश वळला. उरलेला बव्हंशी परावर्तनात आणि शोषणात गेला. पट्ट्यांनी आपले काम जवळजवळ पूर्ण केले होते.

हे मिश्रण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावे. त्यात चार घटक होते आणि प्रत्येकाकडे एकच काम होते.

पहिला घटक पॉलिव्हिनिल कार्बाझोल, शेकडा 33 भाग. हा होल वाहून नेतो.

दुसरा ट्रायनायट्रोफ्लुओरेनोन, शेकडा फक्त 1 भाग. हा कार्बाझोलशी संयोग करून तांबडा प्रकाश शोषतो आणि भार मोकळे करतो. विरजणासारखा थोडासाच पुरतो.

तिसरा एक ॲझो रंगद्रव्य, शेकडा 50 भाग. याचे रेणू लांबट असून त्यांच्या एका टोकाशी धनभार व दुसऱ्या टोकाशी ऋणभार झुकलेला असतो. म्हणजेच ते द्विध्रुव आहेत. वक्रीभवनांक बदलण्याचे काम यांचे.

चौथा एथिल कार्बाझोल, शेकडा 16 भाग. हा मऊपणा आणतो.

पहिले दोन घटक नवे नव्हेत. याच जोडीचा प्रकाशसंवाहक थर आय. बी. एम.ने 1970 साली आपल्या कॉपियर यंत्रात वापरला होता. कागदाच्या प्रती काढणाऱ्या यंत्रातील द्रव्यच होलोग्रामच्या कामी आले.

चौथा घटक वरवर पाहता बिनमहत्त्वाचा वाटतो, पण खरी गंमत त्याच्यात आहे. नुसते पॉलिव्हिनिल कार्बाझोल नेहमीच्या तापमानाला काचेसारखे कडक असते. त्यात रंगद्रव्याचे रेणू जागच्या जागी गोठून बसतील. मऊ करणारे द्रव्य घातले की मिश्रण खोलीच्या तापमानालाच किंचित सैल होते. कडक पी. व्ही. सी. नळी आणि मऊ पी. व्ही. सी. नळी यांत जो फरक, तोच हा. सेल्युलॉइड मऊ करण्यासाठी त्यात कापूर घालीत, ती युक्तीही हीच. आता आतले विद्युत्क्षेत्र बदलले की रंगद्रव्याचे रेणू त्या दिशेला वळू शकतात, वाऱ्याबरोबर जोंधळ्याची कणसे कलावीत तसे. क्षेत्र पट्ट्यापट्ट्यांचे असल्यामुळे रेणूंचे कलणेही पट्ट्यापट्ट्यांचे होते आणि वक्रीभवनांकातील फरक कितीतरी वाढतो. स्फटिकात हे घडत नाही, कारण तेथे अणूंना वळावयास जागाच नसते. मोर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली हे स्पष्टीकरण मांडले.

किती बदल पुरतो ?

'किंचित बदल' म्हणजे किती, हेही मोजून पाहू. थर पुरेसा जाड असेल आणि कोनांचे बारकावे बाजूला ठेवले, तर सर्व प्रकाश वळण्यासाठी वक्रीभवनांकातील फरकाचा आणि थराच्या जाडीचा गुणाकार अर्ध्या तरंगलांबीइतका व्हावा लागतो. तरंगलांबी 0.633 मायक्रोमीटर, तिची निम्मी 0.316. थराची जाडी 100 मायक्रोमीटर धरली तर वक्रीभवनांकातील फरक हवा फक्त 0.003. म्हणजे 1.700 च्या जागी 1.703 झाले की काम झाले. दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या स्थळातील हा फरक डोळ्यांपुढे एक संपूर्ण वस्तू उभी करतो. वक्रीभवनांक तिसऱ्या स्थळापर्यंत काढताना कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

विजेचा दाब

या पदार्थांची सर्वांत मोठी अडचण म्हणजे त्यांना लागणारा विजेचा दाब. थर दोन काचांच्या मध्ये असतो. काचांच्या आतल्या बाजूंना इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीजवाहक लेप असतो. मोबाइलच्या स्पर्शपडद्यावरही हाच लेप वापरतात. या दोन लेपांमध्ये दर मायक्रोमीटरला 50 ते 100 व्होल्ट इतके क्षेत्र द्यावे लागते. 100 मायक्रोमीटरच्या थराला 50 व्होल्टच्या हिशेबाने 5,000 व्होल्ट झाले. कोरड्या हवेत मायक्रोमीटरला सुमारे 3 व्होल्ट झाले की ठिणगी पडते, हे पाहिले म्हणजे या थरावर केवढा ताण असतो ते कळेल. थरात एखादा बुडबुडा किंवा धुळीचा कण राहिला तरी तो जळून जाऊ शकतो.

एवढा दाब कशासाठी ? त्याची कामे तीन. मोकळे झालेले धन आणि ऋण भार पुन्हा एकत्र येण्याआधी एकमेकांपासून ओढून काढणे, हे पहिले. होलला चालविणे, हे दुसरे. रंगद्रव्याचे रेणू एका दिशेला वळविणे, हे तिसरे. पैकी एकही काम दाबाशिवाय पुरेसे होत नाही. शिवाय काचांमधील क्षेत्र थराला लंब असते, तर भारांना चालावयाचे असते ते पट्ट्यांना लंब. म्हणून थर किरणांच्या संदर्भात तिरपा ठेवावा लागतो, म्हणजे क्षेत्राचा काही अंश तरी योग्य दिशेला मिळतो.

पडद्यापर्यंतचा प्रवास

1994 ते 2008 ही चौदा वर्षे मिश्रण सुधारण्यात गेली. रंगद्रव्याचे प्रमाण निम्मे ठेवले की ते कालांतराने साखरेसारखे खडे धरून वेगळे होई आणि थर पांढुरका पडे. ते टाळण्यासाठी नवी बहुवारिके जुळविण्यात आली. 2008 साली अ‍ॅरिझोना विद्यापीठ आणि निट्टो डेन्को टेक्निकल या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात 4 इंच लांब व 4 इंच रुंद अशा पडद्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यावर काही मिनिटांत त्रिमित चित्र लिहिता येई, ते सुमारे तीन तास टिके आणि पुसून दुसरे काढता येई. लिहिताना दाब वाढवावयाचा व नंतर उतरवावयाचा, ही त्यांची युक्ती होती. चढत्या दाबात भार चटकन हलतात, उतरलेल्या दाबात ते जागी राहतात. लिहिण्यासाठी हिरवा प्रकाश आणि वाचण्यासाठी तांबडा प्रकाश वापरला होता. हा थर तांबडा प्रकाश फारसा शोषत नाही, म्हणून पाहता पाहता चित्र पुसले जात नसे.

चित्र समोर ठेवलेल्या वस्तूचे असावे लागते असेही नाही. वस्तूची निरनिराळ्या बाजूंनी घेतलेली साधी चित्रे संगणक चिरून पुन्हा जुळवितो आणि पडद्याच्या एकेका लहान भागावर एकेक होलोग्राम लिहितो. अशा सर्व भागांकडे पाहणाऱ्याच्या उजव्या डोळ्याला एका बाजूचे आणि डाव्या डोळ्याला दुसऱ्या बाजूचे दृश्य मिळते. डोके हलविले की वस्तूची बाजू दिसते. चष्मा लागत नाही.

2010 साली याच गटाने पुढचे पाऊल टाकले. काही नॅनोसेकंदच टिकणारे, सेकंदाला 50 लेसर स्पंद वापरून त्यांनी चित्र दर दोन सेकंदांनी बदलून दाखविले. हिशेब सोपा आहे : दोन सेकंदांत 100 स्पंद आणि प्रत्येक स्पंदाला चित्राचा एक भाग. स्पंद इतका अल्पकाळ असल्यामुळे टेबलाच्या थरथरण्याचा त्रासही उरला नाही. एका ठिकाणी बसलेल्या माणसाची चित्रे अनेक बाजूंनी घेऊन ती दुसऱ्या ठिकाणी पाठविली आणि तेथे तो माणूस पडद्यावर त्रिमित दिसला.

तीन मागण्या, एक पदार्थ

मग अशी पाटी आज घरोघर का नाही ? 2010 नंतर दीड दशक लोटले, तरी असा पडदा बाजारात आलेला नाही. दूरचित्रवाणीचे चित्र सेकंदाला 25 वेळा बदलते. दोन सेकंदांना एक चित्र म्हणजे त्याच्या पन्नास पट हळू. हे अंतर नुसत्या पैशाने किंवा मेहनतीने भरून का येत नाही, ते समजून घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आपण या पदार्थाकडे तीन गोष्टी मागतो : लवकर लिही, पाहीपर्यंत टिकव, सांगताच पूस. भार अडकण्याच्या जागा खोल असतील तर चित्र टिकते, पण पुसावयास वेळ लागतो. उथळ असतील तर पुसले लवकर जाते, पण पाहता पाहताच विरते. मिश्रण अधिक मऊ केले तर रेणू चपळाईने वळतात, पण तितक्याच चपळाईने परत फिरतात, आणि रंगद्रव्य खडे धरण्याचा धोका वाढतो. प्रकाश शोषणारा घटक वाढविला तर भार भराभर मोकळे होतात, पण थर काळपट होऊन चित्र मंद होते. विजेचा दाब वाढविला तर सारेच वेगाने घडते, एक दिवस ठिणगी पडेपर्यंत. म्हणजे प्रत्येक सुधारणा दुसऱ्या गुणाच्या खिशातून पैसे काढते. ही अडचण कारागिरीतल्या उणिवेची नाही. एकाच पदार्थाकडून स्मरण आणि विस्मरण दोन्ही मागण्याची ती किंमत आहे.

म्हणून जेथे यांपैकी एकच मागणी प्रबळ असते, तेथे या पदार्थांना अधिक वाव आहे. शल्यचिकित्सकाला किंवा वास्तुशिल्पकाराला दर क्षणाला नवे चित्र नको असते. तास-दोन तास टिकणारे, चारी बाजूंनी नीट पाहता येणारे चित्र त्याला पुरते. तेथे सावकाश लिहिणारी पण टिकविणारी पाटी चालेल. उलट शरीराच्या आत डोकावण्याच्या कामी झटपट विसरणारी पाटी हवी. स्नायूंतून येणारा अवरक्त प्रकाश बव्हंशी धुक्यातून आल्यासारखा विखुरलेला असतो. त्यातला जो थोडा अंश सरळ आला तोच ठाऊक तरंगाशी सुसंगत राहतो आणि तेवढ्याचाच होलोग्राम उमटतो; विखुरलेला प्रकाश पट्ट्या उमटवूच शकत नाही. अशा प्रकारे धुक्यामागचे चित्र वेगळे काढण्यासाठी अवरक्त प्रकाशाला दाद देणारी प्रकाशवक्रीभवनी बहुवारिके 1998 साली 'सायन्स' या नियतकालिकात वर्णन करण्यात आली.

विद्यार्थ्यांसाठी

आपल्याकडे पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांच्या प्रयोगशाळा बहुधा निरनिराळ्या मजल्यांवर असतात आणि विद्यार्थीही एका मजल्यावरून दुसऱ्यावर क्वचितच जातात. वर सांगितलेल्या कथेतील एकही पाऊल एकाच मजल्यावर पडलेले नाही. पट्ट्यांचे गणित पदार्थविज्ञानाचे, मऊपणाची युक्ती रसायनशास्त्राची, चित्र चिरून जुळविणे संगणकाचे. ज्यांना पुढे संशोधन करावयाचे आहे त्यांनी दुसऱ्या मजल्याचा जिना आतापासूनच चढण्याची सवय ठेवावी.

तूर्त घरी करून पाहण्यासाठी दोन उदाहरणे देतो. 532 नॅनोमीटरचे दोन हिरवे किरण लंबाच्या दोन्ही बाजूंना 30-30 अंशांवर असतील तर पट्ट्यांमधले अंतर किती, ते काढावे. आणि थराची जाडी 100 ऐवजी 50 मायक्रोमीटर घेतली, तर 633 नॅनोमीटरचा सर्व प्रकाश वळण्यासाठी वक्रीभवनांकात किती फरक लागेल, तेही काढावे. पहिल्याचे उत्तर 532 नॅनोमीटर व दुसऱ्याचे सुमारे 0.006 येते. विजेचा दाब निम्म्यावर आणण्यासाठी थर पातळ करणे हा उपाय सहज सुचतो. तो कोणत्या दुसऱ्या गुणाच्या खिशातून पैसे काढतो, हे दुसऱ्या उत्तराकडे पाहून ज्याचे त्याने ठरवावे.